ताराइविनीची खुर्ची

ताराइविनीला कुणी विचारलं, की बाई गं, या नव्या यंत्रांबद्दल तुझं मत काय, तर ती आधी आपल्या पायांकडे बघायची. पायांना विचारल्याशिवाय तिनं कधी कशाबद्दल मत दिलं नाही. आमच्या बेटावरच्या नांदी शहरात विमानतळामागे एक लॉन्ड्री आहे, समुद्राकाठच्या पाच हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल तिथे धुवायला येतात. तिथल्या सिमेंटवर ते पाय अठरा वर्षं उभे होते. घोटे सुजून दालोच्या कंदाएवढे झाले होते आणि संध्याकाळी बसची पायरी चढताना ती दांड्याला धरून आधी एक सुस्कारा टाकायची, मग पाय उचलायची.

"यंत्र बरं," ती म्हणायची. "यंत्राला गाव नसतं."

हे ती का म्हणायची ते कळायला आपेनिसा माहीत असायला हवा. आपेनिसा तिथला आधीचा मुकादम. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून डोळे मिटून गाणार, आणि सोमवारी सकाळी आपल्या गावच्या सगळ्या पोरींना पंख्याखाली उभं करणार. दुसऱ्या गावच्या बायांनी वाफेच्या इस्त्रीपाशी मरावं. ताराइविनी लांबच्या बेटावरची, लग्न होऊन इकडे आलेली. तिची सहा वर्षं वाफेत गेली. तिच्याइतक्या भराभर घड्या तिथे कुणी घालत नव्हतं, हे आंधळ्यालासुद्धा नुसत्या आवाजावरून कळलं असतं. आपेनिसाला नाही कळलं. नाताळाआधी चांगल्या कामगारणीला तो सगळ्यांसमोर एक कोंबडी द्यायचा. त्याच्या चुलतबहिणीला चादरीची सुलट बाजू कुठली ते शेवटपर्यंत समजलं नाही, पण तिला तीनदा कोंबडी मिळाली. ताराइविनी तीनदा टाळ्या वाजवून घरी आली. सांगा, टाळ्या वाजवायला काय लागतं? काही लागत नाही, फक्त आतून जळतं.

मग मालक बदलला, ऑस्ट्रेलियातला आला, आपेनिसा निवृत्त झाला आणि मॅनेजर म्हणून आला आश्नील. लबासाकडच्या ऊसवाल्या घरातला मुलगा, सव्वीस-सत्तावीसचा, हातात लॅपटॉप, बोलणं गोड. पन्नाशीच्या बायांना तो "आंटी" म्हणायचा आणि "अहोजाहो" करायचा. त्यानं प्रत्येकीला मनगटात बांधायचा एक काळा पट्टा दिला, प्रत्येक पट्ट्याला आपला आकडा. सकाळच्या चादरी जोडीनं घडी करायच्या, त्या मोजायच्या नाहीत. चहानंतर टॉवेल एकेकटीनं. दहा टॉवेलांची थप्पी झाली की मनगट टेबलावरच्या डबीला टेकवायचं, डबी "टिक" करायची, आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर तुमचं नाव वर सरकायचं. वरची नावं हिरवी, मधली पिवळी, खालची लाल.

"आणि एक," आश्नील म्हणाला, "आपला पट्टा दुसरीच्या हातात दिसला तर दोघीही घरी. हा नियम ऑस्ट्रेलियाहून आलाय, आंटी, माझ्या हातात नाही."

बायांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमच्या बायांचा हात कुणी धरणार नाही.

पहिल्या आठवड्याअखेर स्क्रीनवर सगळ्यात वर, हिरव्यागार अक्षरांत, ताराइविनीचं नाव. ती हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली. नाव कुणी पुसतंय का ते बघत राहिली. नाही पुसलं. दुसऱ्या आठवड्यात होतं, तिसऱ्यातही होतं. आश्नीलनं तिला पंख्याखालचं टेबल दिलं. त्या दिवशी ती घरी गेली आणि सुनेला म्हणाली, "आज मला वारा लागला." सुनेला वाटलं, सासूला सर्दी झाली. तिनं लिंबाच्या पानांचा चहा करून दिला.

पंख्याखाली ती एकटी गेली नाही. चादरीला जोडीदारीण लागते, आणि तिची जोडीदारीण सेरेइमा. या दोघींना एकत्र बघितलं की नवख्याला वाटायचं आता मारामारी होणार. दोघी एकमेकींच्या ताउवू. म्हणजे दोघींच्या गावांचा मूळ पूर्वज एकच. अशा दोन गावच्या माणसांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं, एकमेकांच्या घरातलं वाटेल ते उचलावं, आणि रागवायचं कुणी नाही. ही रीत. त्यामुळे सकाळी साडेसहाला पहिली चादर झटकली, की तोंडं सुरू.

"ए वटवाघूळखाऊ, नीट धर की टोक!" सेरेइमा ओरडायची.

"तू बघ आधी, कासवचोर. तुझ्या आज्यानं आमचं कासव चोरलं म्हणून तुझी कंबर ही अशी झाली."

"कासव स्वतःहून आलं होतं. म्हणालं, तुमच्या गावात जेवण मिळत नाही."

स्वभावानं मात्र दोघींचं काहीच जुळत नव्हतं. ताराइविनी भराभर काम करणारी, कमी बोलणारी, कपाळावर आठी. चहाच्या वेळी आपला कसावा आपण खाणार, आणि दुसरीनं घेतला तर देणार, पण मनात नोंद ठेवणार. सेरेइमा सावकाश. तिची घडी अशी, की कडा सुरीनं कापल्यासारख्या. पण ती एक घडी घालेपर्यंत ताराइविनीच्या तीन. त्यात गेल्या वादळात छपराचा पत्रा उडून तिच्या उजव्या खांद्यावर बसला, तेव्हापासून हात डोक्यावर जातच नव्हता. डबा उघडला की तिचं अर्धं जेवण वाटण्यात संपायचं. आणि तोंड सदा हसरं. वैताग यायचा त्या हसण्याचा. माणसानं कधीतरी रडकं दिसावं की नाही!

यंत्राबद्दल सेरेइमाचंही मत होतं. "हे मोजतं गं, पण बघत नाही," ती म्हणायची. "माझी घडी बघ आणि त्या लिटियाची बघ. तिचा टॉवेल पाहुण्यानं उचलला तर भुतासारखा उघडतो. डबीला दोन्ही सारखेच. टिक आणि टिक."

"आपेनिसा बघत होता ना? काय बघितलं त्यानं?" ताराइविनी फणकारायची.

"तेही खरंय."

"तुला काय, तुला सगळंच खरं."

सेरेइमाचं नाव स्क्रीनवर तळाशी, लाल. पहिल्या आठवड्यापासून लाल. ती त्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगायची, "लाल रंग मला शोभतो."

डिसेंबरअखेर आश्नीलनं सगळ्यांना चहाच्या खोलीत बोलावलं. जानेवारीनंतर हॉटेलं ओस पडतात, काम कमी होतं, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. या वर्षी जानेवारीचे तीन आठवडे झाले की यादी लागणार, आणि स्क्रीनवरच्या शेवटच्या सहाजणी कमी करायच्या. आणि सगळ्यात वरची जी असेल ती नवी मुकादम. मुकादमाला टेबलाच्या टोकाशी खुर्ची. बसून करायचं काम: थप्प्या तपासायच्या, यादीवर खूण करायची.

खुर्ची! ताराइविनीनं ती खुर्ची कितीदा तरी बघितली होती. आश्नीलच्या काचेच्या खोलीबाहेर ठेवलेली, निळ्या रेक्झिनची, पाठीला उशी असलेली. त्या दिवशी येता-जाता तिनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. अठरा वर्षांत कामाच्या जागी ती बसली ती फक्त चहाला, पंधरा मिनिटं, लाकडी बाकावर. तिला बसायचं होतं, बाई. दुसरं काही नको होतं. नाव वर होतंच. आणखी तीन आठवडे हात चालू ठेवायचे, की झालं.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी चहाला सेरेइमा तिच्याजवळ आली आणि बाकावर न बसता खाली जमिनीवर बसली. ताराइविनी म्हणाली, "काय गं कासवचोर, बाकावर आता तुझी कंबर मावत नाही?"

 ताराइविनीनं हातातला कसावा खाली ठेवला. ताउवूनं उलट चिडवलं नाही म्हणजे काहीतरी मोठं आहे.

"केरेकेरे," सेरेइमा हळूच म्हणाली. "तुझा पट्टा दे. यादी लागेपर्यंत. माझा तू बांध."

केरेकेरे म्हणजे मागणं. पण साधं मागणं नव्हे. आपल्या माणसानं खाली बसून केरेकेरे म्हटलं की नाही म्हणता येत नाही. म्हटलंत तर मग तुम्ही कोण आणि तुमचं गाव कोणतं, हा प्रश्न उरतो. सेरेइमाच्या नवऱ्याचा पाय साखरेच्या दुखण्यानं गुडघ्यापासून काढलेला, घरात कमावणारी ती एकटी. हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. दवाखान्यात रात्रंदिवस बसायला ताराइविनीच गेली होती.

ताराइविनीनं मनाशी हिशोब मांडला. आपलं नाव वर्षभर वर आहे. तीन आठवडे सेरेइमाच्या संथ हातानं ते थोडं घसरेल, पण वर्षभराची पुण्याई एवढ्यानं बुडणार नाही. आणि आपल्या हातानं सेरेइमाचं नाव लालातून पिवळ्यात आलं की झालं. दोघी राहू. खुर्ची कदाचित जाईल, कदाचित नाही जाणार. यंत्र वर्षभर मोजतं की तीन आठवडे, हे आश्नीलला विचारायला हवं होतं, पण पट्टा बदलायचा बेत पोटात ठेवून असं विचारायला जीभ कशी उचलणार? आणि नियमाचं म्हणाल, तर तो तिला आठवलाही नाही असं नाही. पण पट्टा म्हणजे शेवटी वस्तू. छत्री देतो, कढई देतो, तसा पट्टा. ऑस्ट्रेलियातल्या कुणाला हे पटणार नाही, पण आमच्याकडे देणारीला चोर म्हणत नाहीत.

तिनं मनगटावरचा पट्टा सोडला.

मग सुरू झालं काम. ताराइविनी टॉवेलांवर अशी तुटून पडली, की बोटांची टोकं सोलली. टिक, टिक, टिक. सेरेइमाचं नाव लालातून उठलं, आठवड्यात पिवळं झालं. ताराइविनीचं नाव रोज एकेक पायरी खाली. शेजारच्या बायांना सगळं दिसत होतं. टेबलावर कुणाचे हात कसे चालतात ते लपतं का? पण सांगणार कोण? आश्नील काचेमागे बसून स्क्रीनकडे बघायचा. टेबलाकडे बघायची त्याला आता गरजच उरली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात आपलं नाव पिवळ्यात गेलेलं बघून ताराइविनी दर थप्पीनंतर स्क्रीनकडे बघायला लागली. सेरेइमाला ते दिसलं.

"भीती वाटत असेल तर घे बाई तुझा पट्टा," ती हसून म्हणाली. "वटवाघळांना उजेडाची भीती असतेच."

आता ती हसून म्हणाली नसती, तर ताराइविनीनं कदाचित पट्टा घेतला असता. पण त्या हसण्यानं तिचं डोकं फिरलं. "तुझ्या गावच्या माणसांनी परत दिलेलं मी घेत नसते," ती म्हणाली. "आधी धुवून घ्यावं लागतं." दोघी हसल्या. टॉवेल संपत नव्हते. शेवटच्या आठवड्यात बसमध्ये ती दोनदा झोपली आणि दोन्ही वेळा आपला थांबा सोडून पुढे गेली, मग उलटी चालत आली, उन्हात, त्या पायांनी.

यादी लागली त्या दिवशी उकाडा असा, की आकाश शिसं ओतल्यासारखं झालेलं. आश्नीलनं सगळ्यांना स्क्रीनसमोर उभं केलं. मोजणी तीन आठवड्यांचीच होती. सगळ्यात वर, हिरव्या अक्षरांत: सेरेइमा. खालून पाचवी, लाल: ताराइविनी.

 इस्त्रीची वाफ तेवढी फुसफुसत होती.

आश्नील वाईट पोरगा नव्हता, हे सांगायलाच हवं. तो ताराइविनीजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आंटी, काय झालं? दोन तारखेनंतर तुमचा आकडा एकदम पडलाय. तब्येत बरी नाही का? काही कारण असेल तर सांगा. मी लिहून पाठवतो वर."

ताराइविनीच्या तोंडाशी आलं होतं. अठरा वर्षांचं सगळं तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात मागून सेरेइमा पुढे घुसली.

"मी चोर आहे!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "हे सगळं तिचं काम आहे. पट्टा मी घेतला तिचा. तिच्या हातानं मी वर गेले. खुर्ची तिची आहे!"

आणि काय सांगावं! बाया हसायला लागल्या. ताउवू एकमेकींना चोर म्हणतात हे तर रोजचंच. रोज सकाळी तेच ऐकत चादरी झटकायच्या. त्यात सेरेइमाचं ते तोंड, ओरडतानासुद्धा हसल्यासारखं दिसणारं. ज्यांना खरं माहीत नव्हतं त्या गंमत म्हणून हसल्या, आणि ज्यांना माहीत होतं त्या जास्त मोठ्यानं हसल्या, कारण दोघीही घरी जाण्यापेक्षा एक गेलेली बरी, हे त्यांना कळलं होतं. आश्नीलही हसला. पण त्याच्या कपाळावर एक बारीक आठी आली.

"आंटी," त्यानं ताराइविनीला विचारलं, "खरंय का हे?"

सेरेइमा तिच्याकडे बघत होती. आता हसत नव्हती. दुखरा हात दुसऱ्या हातानं दाबून धरलेला. हो म्हटलं असतं तर नियम लागला असता. तो एक पायाचा माणूस, दारात बसलेला, ताराइविनीच्या डोळ्यांसमोर आला. खूप राग आला तिला. सेरेइमाचा आला, आश्नीलचा आला, त्या एक पायाच्या बिचाऱ्याचासुद्धा आला. सगळ्यात जास्त कंटाळा आला.

"हिचं काय ऐकतोस?" ती म्हणाली. "हिच्या गावात कुणी कधी खरं बोललंय का? कासवचोर मेली."

बाया पुन्हा हसल्या. आश्नीलच्या कपाळावरची आठी गेली.

त्याच दुपारी तिनं सेरेइमाच्या मनगटावरचा पट्टा सोडवून घेतला, कारण जाताना प्रत्येकीनं आपापला परत द्यायचा होता. आपला आकडा तिनं आपल्या हातानं आश्नीलच्या टेबलावर ठेवला. त्यानं उभं राहून, दोन्ही हात जोडून तिला निरोप दिला. काय करायचं त्या निरोपाचं?

नंतरचे दहा-बारा दिवस ती घरी होती. सून म्हणायची, आई, आता तरी आराम करा. पण घरात चटईवर बसलं की उठताना गुडघे वाजायचे, आणि उभं राहायची इतकी सवय, की ती दारात उभी राहूनच चहा प्यायची. विमानं डोक्यावरून जायची, पाहुणे भरभरून आणायची. त्यांचे टॉवेल आता कोण घड्या करतंय, हे तिला कळायचं नाही आणि विचारायचंही नव्हतं. सेरेइमा आली नाही. येऊ नये असंच ताराइविनीला वाटत होतं, आणि आली नाही म्हणून शिव्याही घालत होती.

शनिवारी सकाळी वळणावर बस थांबली ती जरा जास्तच वेळ थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, मागून काहीतरी ओढून काढलं. आणि रस्त्यावरून सेरेइमा आली. डाव्या हातानं एक खुर्ची ओढत, निळ्या रेक्झिनची, पाठीला उशी असलेली. पाय मातीत रुतत होते, तिचेही आणि खुर्चीचेही. घामानं झगा अंगाला चिकटलेला.

ताराइविनी दारातून हलली नाही. मदतीलाही गेली नाही.

सेरेइमानं खुर्ची ओसरीवर ठेवली आणि धापा टाकत म्हणाली, "आश्नीलकडे केरेकेरे केली. म्हटलं, बाबा रे, ही मला घरी लागते. नाही कसं म्हणेल? लाजाळू आहे पोरगा."

"आणि तू कशावर बसतेस?"

"मी उभी असते."

"दिवसभर?"

"मग काय! मुकादमानं उभंच असावं, लक्ष राहतं."

ताराइविनी म्हणाली, "मला तुझा फार राग आलाय, सेरेइमा." तिला नावानं हाक मारली होती, ती कित्येक वर्षांनी.

"माहीत आहे."

"जाणार नाही तो."

"नको जाऊ दे."

कोंबड्या ओसरीवर चढून खुर्चीला चोची मारून बघत होत्या. ताराइविनीनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, थोडी हलवून बघितली. एक पाय किंचित आखूड होता. हे तिला तिथे कधी कळलं नव्हतं. ती सावकाश बसली. बसल्यावर तोंडातून एक आवाज निघाला, पोर रडायच्या आधी काढतं तसा.

"भिंतीवरून माझं नाव कधी काढलं?" तिनं विचारलं.

"सोमवारी."

"आता वर कोण आहे?"

सेरेइमा खाली बघायला लागली. "मीच. मुकादम टॉवेल करत नाही ना, म्हणून तिचा आकडा हलत नाही. होता तिथेच राहतो म्हणे, पुढच्या वर्षापर्यंत."

"तीन आठवड्यांचा?"

"तोच."

ताराइविनीनं बोटांची टोकं बघितली. नवी कातडी आली होती, गुलाबी.

"म्हणजे वर मीच आहे," ती म्हणाली.

"हो," सेरेइमा म्हणाली. कासव नाही, वटवाघूळ नाही, काही नाही. "तूच आहेस."

ताराइविनीनं पाय उचलून ओसरीच्या कठड्यावर टाकले, आधी एक, मग दुसरा. डोळे मिटले.

"उभीच आहेस तर चहा टाक," ती म्हणाली. "आणि दुधाचा डबा वरच्या फळीवर आहे, तुझा हात पोचायचा नाही. सुनेला हाक मार."